घोड्याखालचं घर

१

तीन रात्री वासंतीच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि कारण कोणाला सांगायची सोय नव्हती. ऐकणारा हसला असता. भीती वाटू नये म्हणून घरात रिव्हॉल्वर आणलं, आणि आता बाकीच्या सगळ्या भीती परवडल्या पण हे नको, असं तिला होऊन बसलं होतं.

तिचा नवरा गोपाळकृष्ण सडकांच्या खात्यात ओव्हरसियर. पावसाळ्यात घाटात दरडी कोसळू लागल्या की त्याने आठ आठ दिवस तिकडच्या झोपडीत मुक्काम करायचा आणि वासंतीने मांडवीच्या घरात चार वर्षांच्या मथूला घेऊन समुद्र ऐकत बसायचं, असा शिरस्ता. मागच्या श्रावणात त्या झोपडीच्या दारातून भरदिवसा बिबट्याने कुत्रं उचललं. तेव्हापासून गोपाळकृष्णाच्या डोक्यात हत्यार होतं. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडे वापरलेलं रिव्हॉल्वर होतं. परवान्याचे कागद पाच महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरले आणि १९३१ च्या आषाढात ते एकदाचं घरी आलं.

वीतभर लांबीचं, निकेलचा मुलामा दिलेलं, मुठीचं लाकूड हाताळून हाताळून गुळगुळीत झालेलं. आणि हलकं. इतकं हलकं, की पहिल्यांदा हातात घेतल्यावर वासंतीला कोणीतरी फसवल्यासारखंच वाटलं.

पहिल्या रात्री तिने ते कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं. दिवा मालवल्यावर आठवलं, मथू स्टुलावर चढते. दुसऱ्या रात्री माळ्यावर, लोणच्याच्या बरणीमागे. मग आठवलं, स्टूल टेबलावर ठेवता येतं. मथूने आजवर स्टूल टेबलावर कधी ठेवलं नव्हतं, पण ठेवणारच नाही असं तिने कुठे लिहून दिलं होतं? तिसऱ्या रात्री लोखंडी ट्रंक, ट्रंकेला कुलूप, कुलपाची किल्ली मंगळसूत्रात. त्या रात्री किल्ली टोचत राहिली.

वासंती इंग्रजी सहावीपर्यंत शिकली होती. अडाणी बाई नुसती काळजी करते. वासंती मुद्देसूद काळजी करायची, आणि प्रत्येक मुद्द्याला पोटमुद्दे असायचे.

२

रविवारी सकाळी हत्यार तपासायला महिपत हवालदार आले. पलटणीतून निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, पण पडवीत बसतानाही ते पाठ टेकत नसत. वासंतीने चहा पुढे केला तरी त्यांचं लक्ष चहाकडे नव्हतं. त्यांनी रिव्हॉल्वर कानाशी धरून हळूच हलवलं, जसा नारळ हलवून बघतात.

“खडखडत नाय. बरां हाय.”

मग त्यांनी बाजूचं छोटंसं झाकण उघडलं, गोळ्या बसतात ते चक्र बोटाने एकेक घर फिरवलं, नळीच्या तोंडाशी पांढरा कागद धरून मागून आत डोकावले, नखाने एकेक स्क्रू चाचपला. शेवटी “आता घोडा,” म्हणत तो अंगठ्याने मागे ओढून, बोटाने धरूनच अलगद खाली बसवला.

“वापरलेलां हाय, पन नासवलेलां नाय, ओव्हरसियरसाहेब. कुनीतरी लेकरागत सांभाळलेलां हाय बगा.”

“हलकं आहे ते बरंच ना?” गोपाळकृष्णाने विचारलं.

“हलक्या हत्याराचा दणका भारी. हलक्या मानसासारखांच. वजन नाय त्याचा आवाज मोटा.”

वासंती हसली, तेव्हा हवालदार तिच्याकडे वळले. “आनी वयनी, ह्या खाऱ्या हवेत चार दिवसांत तांबेल हां. दर आठ दिवसांनी तेलाचा बोळा फिरवायचा. खोबरेल नको, गोठतां. तिळाचां नको, चिकटतां.”

“शिवणाच्या मशीनचं?”

“तां उत्तम.”

“झालं तर!” गोपाळकृष्ण म्हणाला. “तेल तुझं, म्हणजे खातंही तुझंच.”

मशीनचं तेल घरात होतं एवढ्यावरून रिव्हॉल्वर आपल्या गळ्यात पडलं, हे वासंतीला कळलं. पण तिला बरंही वाटलं. जे आपल्याच हातात आहे त्याची काळजी निदान नीट करता येते.

मथू हवालदारांच्या गुडघ्याशी येऊन उभी होती. “घोडा म्हणालात ना? कुठाय घोडा?”

“ह्यो बग, गो बाय. ह्यो घोडा. ह्यां दार. आनी ही घरां. किती? मोज.”

“पाच. कोणाची घरं?”

“गोळ्यांची.” मग मोठ्या माणसांकडे बघून ते गंभीर झाले. “पन चारच भरायची. घोड्याखालचां घर कायम रिकामां. इसरायचां नाय. तां भरलां आनी हत्यार हातातना पडलां, तर काय व्हईल तां मी लेकरासमोर सांगत नाय.”

“ते घर रिकामं कोणासाठी?” मथूने विचारलं.

गोपाळकृष्ण चहा पीत होता. हवालदार मिशी पुसत होते. पडणं, सुटणं, लागणं, यातला एकही शब्द मुलीच्या कानावर जाऊ नये म्हणून वासंती पटकन म्हणाली, “कोणासाठी म्हणजे काय? अवचित पाहुणा आला तर जागा नको?”

सगळे हसले.

“येऊ दे की मग,” मथू त्या छोट्या दाराकडे बघत म्हणाली.

ते मात्र वासंतीनेच ऐकलं, आणि तीसुद्धा तेव्हा कपबशा गोळा करत होती.

३

नेम धरायला म्हणून गोपाळकृष्ण किनाऱ्यावर जाऊन एक गोळी झाडून आला, तो अंगठा सुजवूनच. सोमवारी घाटात निघताना त्याने रिव्हॉल्वर घरीच ठेवलं.

“बिबट्यासाठी आणलं होतं ना ते?” वासंती म्हणाली.

“बिबट्याला माझा अंगठा काय दाखवू? तू एकटी असतेस, तुझ्यापाशीच राहू दे. भरलेलं ठेव हो.”

“भरलेलं? आणि चोर आला की त्याला काय म्हणू? बसा हं, किल्ली काढते गळ्यातली?”

“पाणी विचार. तेवढ्यात निघेल किल्ली,” असं म्हणून त्याने मथूचा मुका घेतला आणि छत्री उघडली.

शुक्रवारी दुपारी मथू झोपल्यावर वासंतीने माजघरात जुनं धोतर अंथरलं. मशीनच्या तेलाची चोचवाली डबी, बोळे, विणकामाची सुई. हवालदारांनी सांगितलं होतं, आधी चारही गोळ्या काढून वाटीत ठेवा. पण वाटीतली गोळी घरंगळली तर? घरंगळून मथूच्या तोंडात गेली तर? म्हणून तिने आपली वेगळी तऱ्हा काढली. नळी भिंतीकडे, छोटं दार उघडायचं, एक गोळी काढायची, ते घर पुसायचं, गोळी परत घालायची, मग पुढचं घर दारासमोर आणायचं. एका वेळी एकच. हवालदारांनी कपाळावर हात मारला असता, पण हवालदारांना मूलबाळ नव्हतं.

दार उघडतानाच तिला तो ठसा दिसला. गोळ्यांच्या चक्रावर, रिकाम्या घराच्या अगदी कडेला, निकेलवर पुसट उमटलेला. हरभऱ्याच्या डाळीएवढा.

मथू!

ट्रंकेला कुलूप होतं. किल्ली गळ्यात होती. तरी पोरीचं बोट पोचलं होतं. म्हणजे आपल्या झोपेत किल्ली काढली? पण झोपलं कोण होतं? वासंतीने गोळ्या मोजल्या, पुन्हा मोजल्या, हत्यार पुसून बंद केलं आणि मथू डोळे चोळत उठून आली तेव्हा तिला मांडीवर घेतलं. रागावून विचारलं तर मूल खोटं बोलतं, हे तिने कुठल्याशा मासिकात वाचलं होतं.

“मथू, आईची ट्रंक उघडलीस का गं?”

“नाही.”

“खरं सांग. आई मारणार नाही.”

“मी नाही. त्याला किल्ली लागतच नाही.”

“कोणाला?”

“पाहुण्याला.” मथूने आईच्या गळ्यातल्या किल्लीशी खेळत सांगितलं. “तू म्हणालीस ना जागा आहे? तो आला.”

मागच्या पडवीत भांडी घासणारी तुळसा हे ऐकत होती. तिने राखेचा हात थांबवला नाही.

“पोरांच्या सोबत्याशी बोलू नये, वयनी. पाट मांडायचा आनी गप ऱ्हायाचां. चार दिस खेळतां नि जातां.”

“आणि नाही गेलं तर?”

“मग परात घासायची,” तुळसा म्हणाली आणि परात पुढे ओढली.

४

तो आठवडा तसा गोड गेला, हेच वासंतीला नंतर आठवून नवल वाटे.

मथू शहाण्यासारखी वागत होती. घावनाचा अर्धा तुकडा ठेवून द्यायची. वेणी घालताना “हळू, त्याला बघवत नाही” म्हणायची. दुपारी आपणहून निजायची, आणि निजताना पांघरुणाचा एक कोपरा शेजारच्या रिकाम्या जागेवर सारायची. तो कोपरा सरळ करताना वासंतीच्या हाताला तिथली चटई उबदार लागे. मूल लोळतं, चटई तापते. यात काय आहे? तिने स्वतःला असं तीनदा विचारलं. एकदाच विचारलं असतं तर उत्तर पटलं असं म्हणता आलं असतं.

मंगळवारी तिने रिव्हॉल्वर पुन्हा काढून पुसलं, त्याच्याभोवती शिवणाचा पांढरा दोरा गुंडाळला आणि सात गाठी मारल्या. चार वर्षांच्या मुलीला सात गाठी सोडवता आल्या तरी बांधता येणार नाहीत. हा पुरावा तिला फार आवडला. त्या रात्री ती थोडी झोपलीसुद्धा.

शुक्रवारी दुपारी दोरा जसाच्या तसा होता. सातही गाठी. तिने कात्रीने दोरा कापला आणि हत्यार खिडकीच्या उजेडात धरलं.

ठसा होता. या वेळी दोन. एक कडेला, एक छोट्या दारावर, आतून ढकलावं तसा.

बाहेर पाऊस संथ पडत होता. वासंतीने मथूच्या आजोबांचं भिंग आणलं. ठशातल्या रेषा एकीत एक गोल फिरत गेल्या होत्या, पाण्यात खडा पडल्यावर फिरतात तशा. चक्र. अगदी रेखीव चक्र.

तिने भिंग खाली ठेवलं.

मथूच्या बारशाला तिच्या सासूबाईंनी समई जवळ ओढून पोरीची दहाही बोटं बघितली होती. दहाच्या दहा शंख. “एखादं तरी चक्र द्यायचं होतंस बाई,” असं त्या हसत देवाला म्हणाल्या होत्या, आणि पुढे वर्षभर आल्यागेल्याला सांगत होत्या. मथूच्या बोटावर चक्र नव्हतं. वासंतीच्या नव्हतं. गोपाळकृष्णाची बोटं या छोट्या दारात मावलीसुद्धा नसती.

‘तेल चढवलंस की ठसे पुसले जातात,’ तिने स्वतःला समजावलं, ‘आणि ठसे पुसले की विचारही पुसले जातात.’ ती कामाला लागली. दार उघडलं. पहिलं घर, गोळी बाहेर, बोळा आत, कोरडा बाहेर. दुसरं. तिसरं. चौथं. शेवटी रिकामं घर दारासमोर आलं. सुईवर गुंडाळलेला बोळा तिने आत घातला आणि ओढला.

बोळा ओला होता. तेलाने नाही. कोमट ओला, झोपलेल्या मुलाच्या तोंडाखाली उशी ओली होते तसा.

तिने हत्यार उचललं, नळी खिडकीकडे करून, आणि हवालदारांनी दाखवलं होतं तसं मागून दारातून आत डोकावली. आरपार खिडकीचा उजेड दिसायला हवा. एवढासा गोल, पांढरा.

काळोख होता.

मग काळोख बाजूला सरला आणि उजेड दिसला.

५

घाबरलेल्या माणसाने काय करू नये, हे वासंतीला चांगलं माहीत होतं. घाई. तिने घाई केली. ज्या हत्याराला कोणाचीतरी बोटं लागतात ते भरलेलं नको, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिने एकेक घर दारासमोर आणून चारही गोळ्या काढल्या, तांब्याच्या डबीत घातल्या, झाकण दाबून लावलं आणि डबी पोलक्यात खोचली. पाचही घरं रिकामी. आता हे नुसतं लोखंड. आता काहीही होऊ शकत नाही.

तिने वर पाहिलं. मथू माजघराच्या दारात उभी होती. गालावर चटईची नक्षी उठलेली.

“सगळी घरं रिकामी केलीस?”

“हो गं राणी. आता कसली भीती नाही.”

मथूचा चेहरा खुलला. अगदी दिवाळीसारखा. “म्हणजे त्याच्या भावंडांना बोलावू? ती कधीची बाहेर भिजतायत.”

वासंतीचं लक्ष बाहेर गेलं. ती ऐकत होती.

कौलांवरून पागोळ्या गळत होत्या. खालच्या चिऱ्यांवर त्यांचा टपटप आवाज रोजचा, इतका रोजचा की ऐकू येईनासा झालेला. आता ऐकू आला, कारण त्यात खंड होता. टप, टप, टप, आणि मधे काही नाही. पुन्हा टप, टप, आणि काही नाही. ती उठून खिडकीपाशी गेली. मथूला तिने एका हाताने पाठीमागे धरलं होतं.

अंगण रिकामं होतं. पागोळ्यांची सरळ ओळ, कौलापासून चिऱ्यांपर्यंत, मोत्यांच्या माळा टांगाव्यात तशी. त्यातल्या चार माळा चिऱ्यांपर्यंत पोचत नव्हत्या. जमिनीपासून दोन-अडीच हातांवर त्या फुटत होत्या, आणि पाणी गोलसर पसरून खाली ओघळत होतं. एक जागा बाकीच्यांपेक्षा बरीच ठेंगणी होती. अजून धड उभंही राहता येत नसावं, इतकी.

वासंतीच्या मनात पहिल्यांदा जे आलं त्याची तिला पुढे कधी लाज वाटली, कधी नाही. तिच्या मनात आलं, पंचा कुठाय. डोकी पुसायला हवीत. भरल्या पावसात कोणी पोरांना असं ठेवतं?

दारापर्यंत गेली ती. कडीवर हात ठेवला. मग मथूचा हात तिच्या हातात होता तो तिला जाणवला, कोवळा, कोरडा, शंखांचा.

ती मागे फिरली. धोतरावर बसली, पोलक्यातून डबी काढली आणि गोळ्या भरू लागली. पहिली गोळी सांडली, मथूनेच उचलून दिली. मुलीच्या जिवासाठी म्हणून आई मुलीच्या हातून गोळी घेऊन हत्यार भरते आहे, हे गोपाळकृष्णाने पाहिलं असतं तर त्याने तिला दुसऱ्याच दिवशी माहेरी पोचवलं असतं, आणि योग्यच केलं असतं.

“नका रे येऊ,” ती खिडकीकडे बघून पुटपुटत होती. “रागावू नका बाळांनो. मला एकीचंच करणं होत नाही.”

एक घर भरलं. दोन. तीन. चार. छोटं दार लागलं.

बाहेर पागोळ्या चिऱ्यांवर पडू लागल्या. एकही खंड नाही.

मथू रुसून भिंतीकडे तोंड करून बसली. “एकालाच ठेवलंस,” ती म्हणाली. “तो रडतोय.”

६

शनिवारी गोपाळकृष्ण आला, गुडघ्यापर्यंत चिखल आणि दाढी वाढलेली. वासंतीने त्याला आंघोळीला पाणी दिलं, गरम भात वाढला, आणि दुसरा घास घेईपर्यंत थांबली.

“अहो, ते हत्यार परत करा.”

“अगं, परवान्याला पाच महिने लागलेत.”

“मथूचा हात लागला त्याला.”

खोटं बोलताना तिने मथूकडे पाहिलं नाही. मथू पाटावर मांडी घालून बसली होती. “माझा नाही,” ती भातातच म्हणाली.

गोपाळकृष्णाचा घास हातात राहिला. त्याने मुलीकडे पाहिलं, मग बायकोकडे, तिच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे.

“किती दिवस झोपली नाहीस?”

“झोपते की.”

“ओव्हरसियर आहे मी. तडा गेलेली भिंत कळते मला.” त्याने डाव्या हाताने पाण्याचं भांडं तिच्याकडे सरकवलं. “सोमवारी कचेरीत नेऊन जमा करू. बिबट्या परवडला. तो निदान घाटातच राहतो.”

वासंतीला हसू आलं आणि मग रडू. रविवारभर तिने मनाशी हिशोब मांडला तो असा: पाहुणा आला तो घर होतं म्हणून. बिऱ्हाड हललं की माणसं हलतात. आपण काही कोणाला हाकलत नाही, घर दुसरीकडे नेतो आहोत. पटण्यासारखं होतं. तिने ते घोकून पाठही केलं होतं.

सोमवारी सकाळी तिघं विठूच्या बैलगाडीतून कचेरीत गेली. मथूला घरी ठेवायला वासंती तयार नव्हती, आणि मथूही यायचंच म्हणून बसली होती. उघडीप होती. कचेरीच्या व्हरांड्यात वाळत घातलेल्या छत्र्या उन्हात पसरल्या होत्या.

आतल्या जमादाराने परवाना वाचला, नंबर ताडून पाहिला, रिव्हॉल्वर उलटंपालटं केलं. “छान ठेवलंय हो. नव्यासारखं. तेल कुठलं?”

“हिच्या मशीनचं,” गोपाळकृष्ण अभिमानाने म्हणाला.

जमादाराने छोटं दार उघडलं आणि चक्र फिरवलं. एक गोळी टेबलावर पडली.

हे वासंतीच्या हिशोबात नव्हतं.

“थांबा,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच मोठा वाटला. “ते तसंच नाही का ठेवता येणार? भरलेलं?”

दुसरी गोळी पडली. जमादाराने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “भरलेलं हत्यार जमा करून घेत नाहीत, बाई. तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाने...”

“अगं, नियम असतो तो,” गोपाळकृष्ण हळू आवाजात म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

तिसरी. चौथी. जमादाराने दारातून डोळा लावून खिडकीच्या उजेडात एकेक घर बघितलं. वासंती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं. “आरपार स्वच्छ,” तो म्हणाला, आणि हत्यार लाकडी कपाटात गेलं, कपाटाला कुलूप लागलं.

वासंती खिडकीकडे वळली. व्हरांडा, छत्र्या, ऊन. पागोळ्या नव्हत्याच, मग खंड कुठून असणार? एक पट्टेवाला विडी ओढत होता. काही झालं नव्हतं. काही होणार नव्हतं. मथू बाकावर पाय हलवत बसली होती आणि तिच्याकडे बघून हसली.

७

गोपाळकृष्णाचं कचेरीत काम होतं. मायलेकी गाडीतून परत निघाल्या. मांडवीकडचा उतार, घराकडे तोंड, बैलांना चालायला सांगावं लागत नव्हतं. ते आपणहून पळत होते आणि विठू कासरा सैल सोडून त्यांना लाडाने शिव्या देत होता. “अरं, घरी काय पुरनपोळी हाय काय तुमास्नी?”

वासंतीने गाडीच्या कडेला डोकं टेकलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिच्या पापण्या जड झाल्या होत्या. समुद्रावरून वारा येत होता, उन्हाने चाकांखालची ओली तांबडी माती वाफाळत होती, मांडीवर मथू होती, आणि गळ्यात आता किल्ली नव्हती. घरी जाऊन दोघींनी दुपारभर झोपायचं. दार लावून, पांघरूण घेऊन. जमादाराला आपण काय विचारलं ते आठवून ती स्वतःशीच हसली. भरलेलं ठेवा म्हणे! तुळसाला सांगायला हवं. नको, नकोच.

“मथू,” तिने मुलीचे केस मागे सारत विचारलं, “गेला ना गं तुझा पाहुणा?”

मथू आईच्या खांद्यावरून मागच्या रस्त्याकडे बघत होती. बराच वेळ बघत होती, डोळ्यांवर हात धरून, वाट बघणारी मोठी माणसं बघतात तशी. मग तिच्या कपाळाला आठी पडली. गाडीवानाला ऐकू जाऊ नये अशा बेताने तिने आईच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाली,

“आई, गाडी जरा हळू हाकायला सांग ना. बाकीचे पायी येतायत.”